दोन टक्के आभाळ

विलेपार्ले पूर्वेतल्या अनेक जुन्या सोसायट्यांच्या कपाटात आज दोन कागद शेजारी शेजारी पडलेले आहेत. एक महानगरपालिकेचा. इमारत ‘सी-वन’ वर्गात, म्हणजे राहण्यास धोकादायक. रिकामी करा आणि पाडा. दुसरा भारतीय विमानपत्तन प्राधिकरणाचा. पाडल्यावर जे बांधाल ते समुद्रसपाटीपासून अमुक मीटरच्या वर जाता कामा नये. पहिल्याला आधार १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातल्या कलम ३५४ चा, दुसऱ्याला १९३४ च्या विमान अधिनियमाचा आणि २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या कायद्याचा. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि दोन्ही एकदम पाळायचे तर रहिवाशांनी जायचं कुठे, हे दोन्हींत लिहिलेलं नाही.

पार्ल्यात या प्रकाराला ‘आम्ही फनेलमध्ये आहोत’ असं म्हणतात. एखाद्या घराण्यातला जुना आजार सांगावा त्या सुरात. मुलीसाठी स्थळ बघताना नाही, पण फ्लॅट विकायला काढताना हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत येतंच.

हे फनेल म्हणजे काय, ते एकदा नीट समजून घ्यायला हवं. कारण बाकी सगळं भांडण त्या भूमितीवर उभं आहे. मोठ्या विमानतळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार धावपट्टीच्या टोकापासून ६० मीटरवर एक रेषा कल्पायची. तिथून बाहेरच्या दिशेला एक अदृश्य पत्रा तिरका वर चढत जातो आणि दोन्ही बाजूंना रुंदावत जातो. पहिले तीन किलोमीटर त्याचा चढ दोन टक्के. शंभर मीटर पुढे गेलात की दोन मीटर वर. म्हणजे त्या रेषेपासून अर्ध्या किलोमीटरवर घर असेल तर पत्रा धावपट्टीच्या पातळीपासून दहा मीटरवर: तळमजला आणि वर दोन मजले. एक किलोमीटरवर वीस मीटर: फार तर सहा मजले. या पत्र्याला खालून काहीही टेकता कामा नये. तीन किलोमीटरनंतर चढ अडीच टक्के होतो, आणि हा सगळा आकार धावपट्टीपासून पंधरा किलोमीटरपर्यंत पोचतो. बाजूंनाही सुटका नाही. धावपट्टीच्या पट्ट्याच्या कडेपासून सातास एक अशा चढाने दुसरा पत्रा वर जातो, तो ४५ मीटरला जाऊन थांबतो. तिथून धावपट्टीभोवती चार किलोमीटरपर्यंत ४५ मीटरचं सपाट छत, त्यापुढे पुन्हा चढ.

‘काहीही’ म्हणजे खरोखर काहीही. गच्चीवरची पाण्याची टाकी, लिफ्टची मशीन रूम, जिन्याची टोपी, मोबाइलचा टॉवर, वीजवाहक सळई हे सगळं उंचीत धरतात. शिवाय परवानगीतला आकडा समुद्रसपाटीपासूनचा असतो, जमिनीपासूनचा नाही. हा बारकावा कित्येक फ्लॅट घेणाऱ्यांना माहीत नसतो. विमानतळ स्वतः समुद्रसपाटीपासून जेमतेम अकरा-बारा मीटरवर. घाटकोपर-असल्फ्याच्या टेकडीवर ज्याची जमीन आहे, त्याच्या वाट्याच्या आभाळातला मोठा हिस्सा टेकडीनेच खाल्लेला असतो.

मुंबईचं दुर्दैव असं, की इथे धावपट्ट्या दोन आणि त्या एकमेकींना छेदून जातात. म्हणून फनेल चार. मुख्य धावपट्टीच्या पश्चिमेला पार्ले आणि सांताक्रूझ, पूर्वेला कुर्ला आणि घाटकोपर. दुसरीच्या एका टोकाला अंधेरी, दुसऱ्या टोकाला कालिना-कुर्ल्याचा पट्टा. त्यात पश्चिमेला जुहूचा जुना विमानतळ आपली स्वतःची वर्तुळं घेऊन बसलेला. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या काचेच्या इमारती एका उंचीला येऊन कापल्यासारख्या थांबतात, त्याचं कारण वास्तुशिल्पींची आवडनिवड नव्हे.

हे निर्बंध हवेतच. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि ज्यांच्या घरावरून दर काही मिनिटांनी विमान जातं त्यांच्या मनातही नसते. २०१८ च्या डिसेंबरमध्ये या विमानतळाने एका दिवसात हजारावर उड्डाणं आणि उतरणी हाताळली, तीही छेदणाऱ्या धावपट्ट्यांमुळे एका वेळी एकच वापरून. एक इंजिन बंद पडलेलं विमान कमी चढाने वर जातं, तेव्हा ते कुणाच्या टाकीला घासू नये म्हणून ही मोकळी हवा राखलेली आहे. विमानतळाचा जुना नियंत्रण मनोराही याच नियमांच्या आड येत होता, ८३.८ मीटर उंचीचा नवा मनोरा दुसरीकडे उभारला गेला आणि जुना पाडला. नियम घरच्यांनाही लागू झाला. माझी तक्रार वेगळी आहे. या निर्बंधाची किंमत कोण मोजतो?

पुनर्विकासाचं गणित मुंबईकराला सांगायला नको, तरी फनेलमध्ये ते कसं मोडतं ते पाहू. समजा, तळमजला अधिक तीन मजल्यांची, चोवीस घरांची इमारत आहे. बाहेरच्या मुंबईत बिल्डर येतो, ती पाडतो, चोवीस जणांना थोडी मोठी घरं फुकट देतो, दोन-तीन वर्षांचं भाडं देतो, कॉर्पस देतो, आणि वरचे दहा-बारा मजले विकून हा सगळा खर्च व आपला नफा काढतो. पुनर्विकास वरच्या मजल्यांच्या जिवावर चालतो. फनेलमध्ये वरचे मजलेच नाहीत. पाच मजल्यांची परवानगी मिळाली, तर पार्किंग आणि जुन्या रहिवाशांची घरं यांतच ती संपते. विकायला उरतं काय? चटई क्षेत्र कागदावर भरपूर असतं, टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) बाजारात मिळतो, पण तो ठेवायला आभाळ नाही. ‘बिल्डर येतात, चहा पितात, नकाशा बघतात आणि पुन्हा फोन करत नाहीत’ हे पार्ल्यात इतक्या जणांच्या तोंडून ऐकू येतं, की ते आता तिथल्या बोलीचाच भाग झालंय.

मग उरतो स्वखर्चाने पुनर्विकास. सोसायटीत पंचाहत्तरी ओलांडलेले अर्धे सभासद, पेन्शन आणि मुदतठेवींवर चालणारी घरं, मुलं पुण्याला किंवा परदेशात. सभेत कुणीतरी आकडा सांगतं. तो ऐकून मागच्या रांगेतल्या आजी विचारतात, ‘एवढे पैसे असते तर आम्ही इथे राहिलो असतो का?’ सभा तहकूब होते. तीस वर्षांवरच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी कायद्याने सक्तीची आहे, म्हणून ती होते, अहवालात टेकू आणि प्लास्टर सुचवतात, टेकू लागतात. पार्ल्यातले काही जिने आता टेकूंच्या मधून वाट काढत चढावे लागतात.

आणि ही वस्ती विमानतळानंतर आलेली नाही. पार्ले टिळक विद्यालय १९२१ चं, लोकमान्य सेवा संघ १९२३ चा, ज्या कारखान्याच्या बिस्किटांचा वास स्टेशनपर्यंत येई तो १९२९ चा. सहार, चकाला, कोलेकल्याण ही तर त्याहून कितीतरी जुनी गावं. सांताक्रूझची धावपट्टी आली दुसऱ्या महायुद्धात, ब्रिटिश हवाई दलाच्या गरजेतून. नागरी विमानं तोवर जुहूला उतरत. युद्धानंतर तीही इकडे आली. विमानांचा वेग वाढला, धावपट्टी लांबली, आणि दर टप्प्याला अदृश्य पत्रा आणखी काही गल्ल्यांवर सरकत गेला. ‘विमानतळाशेजारी घर घेताना विचार करायचा होता’ असा सल्ला देणाऱ्यांनी आधी ही सनावळी पाहावी.

कायद्याचा मजकूर मात्र पार्लेकरांवर इतका निष्ठुर नाही. १९३४ च्या अधिनियमात १९७२ साली कलम ९-अ घातलं गेलं. विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून वीस किलोमीटरपर्यंत बांधकामं आणि झाडं यांवर बंदी किंवा मर्यादा घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. वीस किलोमीटर म्हणजे जवळजवळ अख्खी मुंबई. पण त्याच्या लगेच पुढे ९-ब होतं, आणि त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. अशा आदेशामुळे ज्याचं नुकसान होईल त्याला भरपाई द्यायची. रक्कम आपसात ठरवायची. न ठरल्यास उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास पात्र असलेली व्यक्ती लवाद म्हणून नेमायची. १ जानेवारी २०२५ पासून जुन्या अधिनियमाच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला; निर्बंधाचा अधिकार त्यातही कायम आहे. फनेलवरच्या सभा, निवेदनं, निवडणुकीतली आश्वासनं यांत उंची वाढवून द्या ही मागणी सतत येते. भरपाई द्या ही मागणी अभावानेच. मला हे उलटं वाटतं. उंची वाढवता येत नाही, कारण ती भौतिकशास्त्राने ठरते. भरपाई देता येते, कारण ती माणसांनी ठरवायची असते.

अमेरिकेत या प्रश्नाचा निकाल कोंबड्यांवरून लागला. नॉर्थ कॅरोलायनात ग्रीन्सबरोच्या धावपट्टीजवळ थॉमस कॉजबी नावाच्या शेतकऱ्याचं कुक्कुटपालन होतं. महायुद्धात लष्करी विमानं त्याच्या जमिनीवरून ८३ फुटांवरून जाऊ लागली. घाबरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून मरू लागल्या, सुमारे दीडशे मेल्या, धंदा बसला. १९४६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी एकदम सांगितल्या. जमिनीचा मालक स्वर्गापर्यंतच्या हवेचा मालक, ही जुनी कल्पना विमानांच्या युगात चालायची नाही. पण जमिनीला लगटून असलेली हवा सरकारने वापरली, तर ती जमीन घेतल्यासारखंच आहे आणि त्याचे पैसे द्यावे लागतील. पार्ल्यातला प्रश्न तंतोतंत तोच नाही. इथे बंदी बांधण्यावर आहे. तत्त्व मात्र जवळचं आहे.

आपल्याकडे तर त्याची सोयही तयार आहे. वारसा यादीतल्या इमारतीच्या मालकाला मजले चढवता येत नाहीत, म्हणून न वापरता आलेलं क्षेत्र टीडीआर म्हणून दुसरीकडे विकू देण्याची तरतूद मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतही होती. शहराला जुनी कमान हवी, तर कमानीच्या मालकाला मोबदला. शहराला विमानतळ हवा, तर आभाळ सोडणाऱ्याला का नको? या धर्तीच्या सवलतींची आश्वासनं फनेलमधल्या रहिवाशांना राज्य सरकारकडून मिळत आली आहेत. आश्वासनावर टेकू निघत नाहीत.

नियम पाळून बसलेल्यांची ही कथा. न पाळणाऱ्यांची निराळी. २०१०-११ च्या सर्वेक्षणात मुंबई विमानतळाभोवती १३७ अडथळे नोंदले गेले. ते नुसतेच झाडं-खांब नव्हते. त्यांत माणसं राहत असलेल्या इमारतींचे वरचे भाग होते. यशवंत शेणॉय या वकिलांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. जुलै २०२२ मध्ये मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती म. स. कर्णिक यांच्या खंडपीठाने मुंबई उपनगर जिल्हाधिकाऱ्यांना ४८ इमारतींचे उंचीबाहेरचे भाग पाडायला सांगितलं. हे काम महापालिकेचं, असं म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना अंग काढून घेता येणार नाही, हेही बजावलं. पाडकामासाठी १९९४ पासून स्वतंत्र नियम होते, तरी नोटीस, सुनावणी, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा आदेश, अपील, या प्रवासात एक तप गेलं.

इमारत नियमाबाहेर कशी जाते? एके काळी परवानगीसाठी जागेचे अक्षांश-रेखांश आणि जमिनीची उंची अर्जदारच देई. जमीन तीन मीटर खाली दाखवली, की कागदावर एक मजला जास्त. किंवा परवानगी एका उंचीची, बांधकाम दुसऱ्या. २०१५ च्या उंची-निर्बंध नियमांनी रंगीत नकाशे आणले. लाल भागात प्राधिकरणाकडे अर्ज केल्याशिवाय गत्यंतर नाही; इतर रंगांत, त्या रंगाला दिलेल्या उंचीपर्यंत पालिका स्वतः मंजुरी देऊ शकते. सुधारणा चांगली आहे. पण नोटीस येते तेव्हा बिल्डर शेवटचा हप्ता घेऊन केव्हाच निघून गेलेला असतो. नवव्या मजल्यावर राहणाऱ्याच्या हातात रीतसर नोंदणी झालेला करार असतो, पालिकेचा भोगवटा दाखला असतो, बँकेचं कर्ज असतं. आणि त्याचा दिवाणखाना अडथळा ठरलेला असतो. ज्याने नियम मोडून मजला चढवला त्याने कमावलं. ज्याने तो विकत घेतला त्याच्या घरावर हातोडा. शेजारच्या गल्लीत ज्याने कधीच काही चढवलं नाही त्याच्या घराला टेकू.

१२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान उड्डाणानंतर लगेच मेघाणीनगरात, बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळलं. विमानातल्या २४२ जणांपैकी एक वाचला. जमिनीवरची १९ माणसं गेली. आठवड्याच्या आत केंद्राने अडथळे पाडण्याच्या नव्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. घाईतली ही दिशा मला पटत नाही. ते विमान वसतिगृहाच्या उंचीमुळे पडलं नव्हतं. त्याला उंची मिळतच नव्हती, आणि खाली जे होतं त्यावर ते पडलं. उंचीच्या नियमात वसतिगृह चोख बसत असतं, तरी मुलं जेवायच्या वेळेला तिथेच असती.

आपला कायदा विचारतो, इमारत किती उंच? इमारतीत कोण आहे, हे तो विचारत नाही. धावपट्टीच्या टोकाशी गोदाम असावं की शाळा, वाहनतळ असावा की प्रसूतिगृह, याबद्दल तो जवळजवळ गप्प आहे. ब्रिटनमध्ये १९५८ पासून धावपट्ट्यांच्या टोकांना ‘सार्वजनिक सुरक्षा क्षेत्रं’ आखलेली आहेत. विमान पडून तिथल्या रहिवाशाचा जीव जाण्याची शक्यता किती, यावर त्यांच्या सीमा ठरतात आणि आत नवी घरं सहसा मंजूर होत नाहीत. जपानने १९७८ मध्ये, नारिता विमानतळ उघडला त्याच वर्षी, आवाजाच्या पट्ट्यात नव्या घरांवर निर्बंध आणणारा कायदा केला. शेतकऱ्यांशी रक्तरंजित झगडा झाल्यावर आलेलं शहाणपण ते. मुंबईत उशीर झालाय, कबूल. विमानतळाच्या हद्दीतच ऐंशी हजारांवर झोपड्यांचा अंदाज वर्षानुवर्षं दिला जातो. पुनर्वसनाचा मोठा करार २००७ मध्ये झाला, २०१३ मध्ये मोडला. या घरांना उंचीचा नियम कधीच आडवा येत नाही. ती दोन टक्क्यांच्या पत्र्याखाली आरामात मावतात. कायद्याच्या नजरेत विमानतळालगतच्या जरीमरीची दाट वस्ती निर्दोष आहे, कारण ती ठेंगणी आहे. जून २०१८ मध्ये जुहूहून चाचणीसाठी उडालेलं छोटं विमान घाटकोपरला सर्वोदयनगरच्या बांधकामावर पडलं. विमानातले चौघे गेले आणि एक पादचारी. मजूर जेवायला गेलेले होते, म्हणून तेवढ्यावर भागलं.

जमिनीच्या वापराबद्दल आपला नियम बोलतो तो एका ठिकाणी, आणि तेही पक्ष्यांमुळे. १९३७ च्या विमान नियमावलीतला ९१ वा नियम विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत जनावर कापायला, सोलायला आणि पक्षी गोळा होतील असा कचरा टाकायला मनाई करतो; परवाना आणि खबरदारी असलेला कत्तलखाना अपवाद. घार विमानाच्या इंजिनात गेली तर काय होतं हे माहीत असलेल्या कुणीतरी तो शहाणपणाने लिहिला. पण दहा किलोमीटरच्या वर्तुळात देवनारचा कत्तलखानाही येतो आणि १९२७ पासूनचा देवनारचा कचऱ्याचा डोंगरही. नियमाचा हिसका डोंगराला बसत नाही, तो कुर्ल्यातल्या मटण-चिकनच्या गाळ्याला बसतो: पंख कुठे टाकलेस, टोपलीला झाकण का नाही. पतंग, लेझर, आकाशकंदील यांवर पोलिसांचे मनाई आदेश निघतात, लग्नाच्या मंडपवाल्यांना ते पाठ असतात. आणि पक्षी काही वर्तुळ पाळत नाहीत. मे २०२४ मध्ये उतरायला आलेलं एमिरेट्सचं विमान घाटकोपरवर रोहितांच्या थव्यात शिरलं. विमान सुखरूप उतरलं; पंतनगर परिसरात सुमारे चाळीस रोहित मरून पडले. ते कुणाच्या कचऱ्यासाठी आले नव्हते. ठाण्याच्या खाडीचे ते जुने पाहुणे, आणि खाडीकाठच्या पाणथळ जागा आपण भरत चाललो आहोत.

नवी मुंबईत तरी विमानतळाआधी नियोजन आलं. जानेवारी २०१३ मध्ये विमानतळाभोवतीचं ‘नैना’ क्षेत्र अधिसूचित झालं. सुरुवातीला २७० गावं, नियोजन सिडकोकडे. नगररचना योजनेत शेतकऱ्याची जमीन एकत्र करायची, रस्ते-उद्यानं काढायची आणि चाळीस टक्के विकसित भूखंड परत द्यायचा. कागदावर हे पार्ल्यापेक्षा कितीतरी बरं. पनवेल-उरणचे शेतकरी त्याला विरोध करतात, कारण साठ टक्के गेलेले डोळ्यांना दिसतात आणि विकसित भूखंडाची वाट पाहावी लागते. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं, डिसेंबरात विमानं उडू लागली. इथला अदृश्य पत्रा आता प्रत्यक्षात लागू आहे. चाळीस टक्के भूखंडाची किंमत त्यावर किती मजले चढतील यावर ठरणार, आणि ते सात-बारावर लिहिलेलं नसतं.

पुरंदरच्या नियोजित विमानतळासाठी तर कुदळही पडायची आहे. पारगाव, वनपुरी, उदाचीवाडी, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी, खानवडी या सात गावांचा झगडा चाललाय तो कुंपणाच्या आत जाणाऱ्या जमिनीसाठी: एकरी किती, किती टक्के परत, अंजिराच्या बागेचं मूल्यांकन कसं. कुंपणाच्या बाहेर ज्याची जमीन राहील त्याला कुणी नोटीस दिलेली नाही आणि देणारही नाही, कारण त्याची जमीन जाणार नाही. वीस किलोमीटरचं वर्तुळ पडलं, की सासवड आत, जेजुरी आत. पार्ल्यातल्या सोसायट्यांनी ऐंशी वर्षांत जे विचारलं नाही ते विचारायला तिथल्या ग्रामसभांना आज वेळ आहे: उंचीचा रंगीत नकाशा भूसंपादनाच्या आधी गावात लागणार की नंतर, आणि भरपाईचा अर्ज कुणाच्या टेबलावर द्यायचा.